वीस गाड्या आणि एक पांदण: नागपूरच्या आडवाटांवर ड्युअल-स्पोर्ट रॅली आखताना

पहिली ड्युअल-स्पोर्ट रॅली, म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांवर चालणाऱ्या मोटारसायकलींची सहल, आखली तेव्हा सगळा हिशेब मी माझ्या एकट्याच्या गाडीवरून केला होता. कुहीहून अंभोऱ्यापर्यंत पांदणीपांदणीने, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या गाडीवाटांनी, मला पावणेदोन तास लागले, म्हणून अठरा जणांना सव्वादोन तास धरले. प्रत्यक्षात मी वैनगंगेच्या पुलावर उभा राहून शेंगदाणे खात होतो, तेव्हा शेवटचा गडी वेलतूरच्या अलीकडे कुठेतरी पुढच्या मडगार्डात अडकलेला चिखल तुराटीने उकरत बसला होता. डिसेंबरात चिखल कुठून आला? कुणीतरी हरभऱ्याला ओलीत केलं होतं आणि पाणी पांदणीत उतरलं होतं. त्याच्या मागे आमचं कुणीच नव्हतं. तो पोचला साडेचारला. साडेपाचच्या सुमारास दिवस मावळतो, त्यामुळे परतीचा रस्ता अंधारात, ट्रकच्या दिव्यांत डोळे बारीक करत कापला.

तेव्हापासून मी पहिल्या गाडीचा विचारच सोडला. रस्ता, वेळ, जेवण, मुक्कामाची जागा, काहीही ठरवायचं असलं की प्रश्न एकच: शेवटची गाडी तिथे कधी आणि कशी पोचेल? खाली जे लिहितोय ते सगळं या प्रश्नातूनच आलं आहे.

तारीख

नागपूरकडे मोसम दोनच: चालवण्याचा आणि न चालवण्याचा. जूनच्या मध्यापासून काळी माती ओली झाली की पांदण म्हणजे डिंक. ऑक्टोबरातही ती वरून वाळलेली आणि आतून ओली असते, आणि तीच जास्त फसवते. मार्चच्या शेवटापासून ऊन चढतं. हेल्मेट-जॅकेट घालून एप्रिलच्या दुपारी गाडी ढकलणं हा पराक्रम नव्हे, उष्माघाताला आमंत्रण आहे. म्हणून नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य.

त्यातही कॅलेंडर गावाचं बघायचं, आपलं नाही. दिवाळीनंतर मौदा, रामटेक, कुही या पट्ट्यात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. रात्रभर दंडार (लोकनाट्य) चालते आणि सकाळी रस्त्यावर झोप न झालेली माणसं असतात. त्या आठवड्यांत पूर्वेकडे जाऊ नका. हिवाळ्यात शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, असतात. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींच्या कायद्याला मान्यता दिल्यापासून पटाला गर्दीही जोरात असते. ज्या गावात पट आहे तिथली पांदण त्या दिवशी बंड्या (बैलगाड्या) आणि बैलांची. महाशिवरात्रीला अंभोरा टाळा. आठवडी बाजाराचा वार प्रत्येक मोठ्या गावाचा वेगळा असतो, तो रेकीत, म्हणजे मार्गाच्या आगाऊ पाहणीत, विचारून वहीत लिहून घ्या.

पीकही बघा. तुरीची कापणी झाली की शेतकरी तुरीचा ढीग डांबरी रस्त्यावरच पसरतो, वरून ट्रॅक्टर फिरवतो. तुराट्या चेनमध्ये गेल्या की मागचं चाक जाम. धानाच्या पट्ट्यात तणसावर (धानाच्या पेंढ्यावर) ब्रेक मारला तर गाडी साबणावर असल्यासारखी सरकते. काटोल-नरखेडकडे आंबिया बहाराची संत्री निघत असली की अरुंद रस्त्यांवर कॅरेट भरलेल्या गाड्यांची वर्दळ असते.

रस्ता कुठे शोधायचा

पश्चिमेला कोंढाळी-काटोल-मोहपा. मुरमाड जमीन, चढउतार, संत्र्याच्या बागा. पाणी निचरून जातं, म्हणून नवख्यांसाठी हीच दिशा चांगली. उत्तरेला सावनेर-खापा-पारशिवनी-रामटेक. देखणा भाग, पण पेंचचं जंगल सुरू झालं की वाट म्हणजे वाट राहत नाही, ती वनखात्याची हद्द असते. शिवाय सावनेर-खापरखेडा पट्ट्यात कोळशाचे टिप्पर आणि कन्हानच्या काठाने रेतीच्या गाड्या. आग्नेयेला कुही-मांढळ-वेलतूर-अंभोरा आणि खाली भिवापूर. काळी माती, मिरचीचे लालभडक सडे, आणि गोसेखुर्दचं बॅकवॉटर.

या बॅकवॉटरबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण मोबाइलमधला नकाशा इथे हमखास दगा देतो. धरणामुळे कुही आणि भिवापूर तालुक्यांतली कितीतरी गावं उठली, दुसरीकडे वसली. जुने रस्ते मात्र काही नकाशांवर अजून आहेत. एका रेकीत मी असाच चांगल्या डांबरी रस्त्याने चाललो होतो. दोन्ही बाजूंना बाभळी माजलेल्या, माणूस नाही, कुत्रं नाही. मग रस्ता हळूच उतरला आणि पाण्यात गेला. म्हशी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "कुठी चालले भाऊ?" मी गावाचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "मंग तं पोहावं लागते. गाव पाण्याखाली हाय." उपग्रहाचं चित्रही भर उन्हाळ्यातलं असेल तर पाणी दिसतच नाही.

समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या महामार्गाने हिंगण्याकडच्या जुन्या वाटाही तोडल्यात, हे तिथे पोचल्यावरच कळतं. पलीकडे जायचं तर अंडरपास नेमका कुठे आहे, ते आधी बघून ठेवा.

पेंच आणि बोर हे व्याघ्र प्रकल्प आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य यांच्या आतली कुठलीही कच्ची वाट रॅलीत घेऊ नका. नकाशात ती कितीही मोकळी दिसो. वाघ हद्द पाळत नाही, त्यामुळे बाहेरच्या वाटांवरही सकाळी उजाडल्यानंतर शिरायचं आणि ऊन उतरायच्या आत निघायचं. वाघापेक्षा रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर जास्त आडवे येतात, आणि तेही संध्याकाळीच.

रेकी दोनदा

पहिली रेकी महिनाभर आधी, दोघांनी. एकाने चालवायचं, दुसऱ्याने लिहायचं. ट्रॅक जीपीएक्समध्ये (जीपीएसच्या फाइलमध्ये) नोंदवाच, पण वहीही ठेवा. प्रत्येक वळणावर अशी खूण लिहा जी हलत नाही: जिल्हा परिषदेची शाळा, पाण्याची टाकी, पाराचा वड, मारुतीचं देऊळ. "पानठेल्यावरून डावीकडे" असं लिहिलंत आणि रविवारी पानठेला उघडलाच नाही, तर ओळखायला फक्त चार बांबू उरतात. किलोमीटरचे आकडे शंभर-दोनशे मीटरने चुकतील हे धरूनच चाला, दोन गाड्यांचे मीटर कधी जुळत नाहीत. म्हणून दर मोठ्या गावाला ट्रिपमीटर शून्य करायला सांगा.

दुसरी रेकी रॅलीच्या आधीच्या आठवड्यात, त्याच वारी आणि त्याच वेळी. मधल्या काळात कुणी पांदणीत आडवा पाइप टाकतो, कुठे मुरमाचे ढीग पडतात, कुठे रपट्याचा (ओढ्यावरच्या बुटक्या पुलाचा) कठडा जातो. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तारा. रानडुकरांसाठी शेताभोवती झटका मशीनची तार असते, आणि रात्री आडवी लावलेली तार सकाळी काढायची राहून जाते. काही जण थेट वीजच सोडतात, ते बेकायदा आणि जीवघेणं आहे. बारीक तार धुळीत दिसत नाही. म्हणून नियम सरळ आहे: पांदण सोडून धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) किंवा वावरात गाडी घालायची नाही, फोटोसाठीही नाही. शेतातून वाट आहे असं कुणी सांगितलं तर त्या शेताच्या मालकाला भेटल्याशिवाय ती यादीत घेऊ नका.

वेळेचा हिशेब

आडवाटेचा टप्पा ६० किलोमीटरच्या पुढे नेऊ नका. वीस जणांचा सरासरी वेग पांदणीत ताशी २० किलोमीटर धरला तर निव्वळ चालवायला तीन तास. तीन ठिकाणी सगळ्यांना गोळा करायचं, दर वेळी २० मिनिटं, म्हणजे एक तास. जेवणाला सव्वा तास. एक पंक्चर आणि एक पडझड गृहीतच धरायची, त्याला पाऊण तास. झाले सहा. कुहीतून आठला निघालात तर शेवटची गाडी दोनला डांबरावर येते आणि चारच्या आत नागपुरात. हातात दीड-दोन तास शिल्लक राहतात. ते शिल्लकच ठेवायचे. "वेळ आहे तर अजून एक तलाव करू" म्हणणारा प्रत्येक गटात एक असतो. त्याला पुढच्या वेळी रेकीला न्या.

पेट्रोल आदल्या रात्रीच भरायला सांगा. एका नोझलवर वीस गाड्या म्हणजे गाडीमागे दोन मिनिटं धरली तरी चाळीस मिनिटं गेली. दिवसाचं सगळं मिळून १८० किलोमीटर असेल तर एक्सपल्सची १३ लिटरची किंवा हिमालयन ४५० ची १७ लिटरची टाकी हसतखेळत पुरते. जेमतेम सात-आठ लिटरची टाकी असलेली एखादी गाडी असली तर तिच्यासाठी पिकअपमध्ये कॅन ठेवण्यापेक्षा दुपारच्या गावाजवळचा पंप शोधून ठेवा.

बारापेक्षा जास्त गाड्या असतील तर दोन तुकड्या करा, मध्ये वीस मिनिटांचं अंतर ठेवा. धूळ बसते, गावाला एकदम वीस सायलेन्सर ऐकावे लागत नाहीत, आणि एक तुकडी अडकली तर दुसरी मोकळी राहते.

कागद

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगचाचणी हा गुन्हा आहे. आपण शर्यत लावत नाही, पण पोस्टरवर "चॅलेंज", "फास्टेस्ट" असले शब्द छापून स्वतःच पुरावा तयार करू नका. आपल्या विम्याच्या पॉलिसीत "वापराच्या मर्यादा" असा एक परिच्छेद असतो, तो वाचा. संघटित शर्यत, वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल (ठरल्या वेळात टप्पे गाठण्याची चाचणी) हे वापर त्यात वगळलेले असतात. म्हणजे चेकपोस्टवर घड्याळ लावून गुण दिलेत की अपघातात दावा अडकण्याची सोय तुम्हीच केलीत. वेळ मोजू नका, क्रमांक देऊ नका. बक्षीसच द्यायचं असेल तर सगळ्यांत जास्त वेळा पडूनही हसत आलेल्याला संत्रा बर्फीचा डबा द्या.

ज्या ठाण्यांच्या हद्दीतून जाणार, त्या प्रत्येक ठाण्यात एक पानाचं पत्र द्या: तारीख, मार्ग, गाड्यांची संख्या, दोघांचे फोन. पोचपावती घ्या. जेवणाच्या गावात सरपंच आणि पोलीस पाटील यांना प्रत्यक्ष भेटा. पांदणीचा खरा इतिहास, कुणाचं कुणाशी वाकडं आणि कुणी कुठे रस्ता अडवलाय, हे सगळं तिथेच चहावर कळतं.

कोपरा धरणं

चुना किंवा फक्कीचे बाण मी एकदा करून बघितले. तिठ्यावर पांढरी भुकटी बघून एका आजीने आमच्या पोराला "कोनाचा उतारा टाकला रे?" म्हणून फैलावर घेतलं, आणि दोन बाण गुरांनी तुडवले. मोबाइलवरच्या ट्रॅकवरही सगळं सोडू नका. निम्म्यांचे मोबाइल उन्हात तापून बंद होतात, बाकीचे स्क्रीनकडे बघत खड्ड्यात जातात. खात्रीची पद्धत एकच आहे आणि तिला पैसे लागत नाहीत.

सगळ्यांत पुढे लीड, सगळ्यांत मागे स्वीप. लीडला कोणी ओलांडायचं नाही, स्वीपच्या मागे कोणी राहायचं नाही. वळण आलं की लीड हाताने जागा दाखवतो आणि त्याच्या मागची गाडी तिथे थांबते. हा मार्कर. वळणाच्या अलीकडूनच दिसेल असा उभा राहायचा, इंजिन बंद, हेल्मेट डोक्यावर, हात वळणाच्या दिशेला. मागून येणारे सगळे जातात, शेवटी भडक जॅकेटवाला स्वीप येतो, मान हलवतो, मग मार्कर निघतो आणि स्वीपच्या पुढे राहतो. दरम्यान लीडच्या मागे नवा माणूस आलेला असतो, पुढचं वळण त्याचं. असं करत करत सगळे फिरतात. पुढच्या माणसाला मागच्याची काळजी करावी लागत नाही, धूळ बसेपर्यंत हवं तेवढं अंतर ठेवता येतं, आणि हळू चालवणाऱ्याला "मी मागे पडलो" म्हणून जीव टाकून पळवावं लागत नाही.

ही पद्धत मोडते ती एकाच ठिकाणी, मार्करपाशी. आमच्या एका मित्राला मांढळच्या पुढे उन्हात उभं राहण्याचा कंटाळा आला. त्याने पारावरच्या पोराला पकडलं, "गाड्या आल्या की इकडं हात दाखव" म्हणून सांगितलं आणि निघून गेला. पोरगं इमानी. पण त्याच्या मते बघण्यासारखी जागा म्हणजे त्याच्या मामाची नवी विहीर. सात गाड्या त्या विहिरीवर जमल्या. मामाने सगळ्यांना पाणी पाजलं, बोरं दिली, चाळीस मिनिटं गेली. म्हणून सकाळी मार्करचा नियम मी तीनदा सांगतो, आणि मग सगळ्यांत नवख्या माणसाला तो परत म्हणून दाखवायला लावतो.

स्वीप कोण असावा? बहुतेक ठिकाणी ज्याची गाडी जड किंवा जो निवांत, त्याला मागे टाकतात. चूक. स्वीप हा लीडइतकाच, खरं तर त्याहून पक्का चालवणारा हवा. पंक्चर काढता येणारा, आवाज न चढवणारा. आणि स्वीप दोन हवेत. एक बिघडलेल्या गाडीपाशी थांबला तर दुसरा पुढचे कोपरे सोडवत जाईल, नाहीतर मार्कर बिचारे सूर्यास्तापर्यंत खांबासारखे उभे.

वाट चुकली असं वाटलं तर? थांबायचं, उलट फिरून शेवटच्या वळणापर्यंत यायचं आणि तिथेच राहायचं. अंदाजाने शॉर्टकट नाही.

गाडी आणि सामान

इथे पंक्चर करणारा मुख्य शत्रू बाभळीचा काटा, आणि दुसरा कापलेल्या तुरीचा खुंट. विळ्याने तिरपा छाटलेला असतो, भाल्यासारखा. बहुतेक ड्युअल-स्पोर्टला पुढे २१ इंची चाक आणि ट्यूब असते, आणि ती ट्यूब खेड्यातल्या पंक्चरवाल्याकडे मिळत नाही. म्हणून गटात निदान तीन २१ इंची ट्यूब हव्यात. अडचणीत ती १८ इंची मागच्या चाकात दुमडून घालून घरापर्यंत येता येतं, उलटं मात्र जमत नाही. टायर लिव्हर, पंप, चेनची जोडकडी, क्लच केबल, ब्रेक आणि क्लचचे जादा लिव्हर, एम-सील, झिप टाय, ओढायचा पट्टा हे सगळं स्वीपकडे. प्रत्येकाकडे फक्त स्वतःचं पाणी दोन लिटर आणि स्वतःच्या गाडीचा पाना.

मुरमावर हवा २०-२२ पीएसआयपर्यंत उतरवा, १८ च्या खाली नको. दगडावर रिम ट्यूबला चावते. डांबरावर आल्यावर परत भरायची, हे विसरणारे बरेच. पुढचं मडगार्ड चाकाला चिकटून असलेल्या गाड्या काळ्या मातीत चाळीस-पन्नास मीटरमध्ये जाम होतात. त्यांच्या मालकांना आधीच सांगून ठेवा किंवा पश्चिमेचा मार्ग घ्या.

आयएस ४१५१ चं, हनुवटी झाकणारं हेल्मेट, घोट्याच्या वर जाणारे बूट, गुडघ्याचे गार्ड. यावर चर्चा करत बसू नका. स्पोर्ट्स शूज घालून आलेल्याला चहा पाजून परत पाठवा. पहिल्यांदा वाईट वाटतं.

मागे एक पिकअप हवी, लाकडी फळी आणि चार दोर यांच्यासकट. पण ती पांदणीत आणायची नाही. ती डांबरी रस्त्याने एका भेटीच्या गावाहून दुसऱ्या गावी जाते.

जेवण

दुपारी झणझणीत सावजी जेवण नको. ज्याने सावजी रस्सा ओरपून दोन वाजता पांदणीत गाडी घातली, त्याला कारण सांगायची गरज नाही. गावातल्या महिला बचत गटाला आठ दिवस आधी नक्की आकडा सांगून रोडगे, वरण, वांग्याची भाजी करायला सांगा. अर्धे पैसे आधी द्या. वर्गणी घेतानाच जेवणाचे पैसे धरा, म्हणजे आयत्या वेळी गळालेल्यांचं ताट बायांच्या अंगावर पडत नाही.

कुणी पडलं तर

आडवाटेवर वेग कमी असतो, त्यामुळे बहुतेकदा मनगट, घोटा किंवा खांद्याजवळचं कॉलरबोन जातं. पडलेल्याला लगेच उचलून उभं करायची आपल्याकडे फार घाई असते. ती आधी थांबवा. मान किंवा पाठ दुखते म्हणाला तर हलवू नका, श्वास नीट असेल तर हेल्मेटही घाईने ओढू नका. १०८ ला फोन. तिथे "कुहीच्या पुढे पांदणीत" असं सांगून भागत नाही. म्हणून रेकीच्या वहीत दर पाच किलोमीटरला जवळचं गाव, तालुका, आणि रुग्णवाहिका जिथपर्यंत येऊ शकते तो डांबरी तिठा लिहिलेला हवा. एक मोटारसायकल त्या तिठ्यावर पाठवा, तिने रुग्णवाहिका आणायची. तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय पहिलं, मग गरज पडली तर नागपूरचं मेडिकल, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. जंगली जनावराचा मामला असेल तर वनखात्याची हेल्पलाइन १९२६. कुठे रेंज नाही ते रेकीतच कळतं, ते तुकडेही वहीत टिपा.

प्रत्येकाच्या टाकीवर टेपने एक चिठ्ठी: रक्तगट आणि घरचा नंबर. मोबाइलला लॉक असतो, टाकीला नसतो.

गाव लागलं की

दुसरा गिअर, हॉर्न नाही. बंडी समोरून आली तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. बैल बुजला तर धुऱ्याखाली जाते ती बंडी, आपण नाही. कोंबडी मेली तर थांबून पैसे द्यायचे, भाव करायचा नाही. पांदणीला आडवं फाटक किंवा काटेरी झाप असेल तर उघडणाऱ्याने थांबायचं आणि ते स्वीपने लावायचं. उघडं राहिलं तर रात्री जनावरं हरभऱ्यात शिरतात, आणि पुढच्या वर्षी तुम्हाला त्या गावात पाणीही मिळत नाही.

परत आल्यावर झिरो माइलला गाड्या मोजत बसण्यात अर्थ नाही, अर्धे लोक दिघोरी नाक्यालाच घरी वळलेले असतात. व्हॉट्सअॅपवर प्रत्येकाचा "पोचलो" आला की वहीतल्या नावापुढे टिक करा. शेवटचे दोन नेहमी चार्जर शोधत असतात, त्यांच्या घरी फोन लावा. यादी पुरी झाली की जीपीएक्स फाइल गटातून काढून टाका. ती वाट ज्यांच्या वावराला लागून आहे, त्यांनी ती आपल्याला एका रविवारपुरती दिली होती.